दख्खनच्या ताटातले हबशी दाणे

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. प्रस्ताव भारताचा होता. त्या वर्षी शाळाशाळांमध्ये धान्यांची प्रदर्शनं भरली, घोषवाक्यं लिहिली गेली, प्रभातफेऱ्या निघाल्या. आमच्या उर्दू शाळेतही आम्ही एक लांब टेबल मांडलं. मी सातवीला मराठी शिकवते. मुलांना सांगितलं होतं की घरातून एकेक मूठ धान्य आणा, बरणीवर त्याचं नाव एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहा.

जवार, बाजरा, नाचणी, राजगिरा, भगर अशा बरण्या आल्या. एका मुलीचा भाऊ मॉलमध्ये कामाला होता, तिनं क्विनोआचं पाकीट आणलं. दिवसभर सगळी गर्दी त्या पाकिटाभोवती. ज्वारीच्या बरणीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी ज्वारीची बरणी उचलून पुढे ठेवली, तर एक मुलगा म्हणाला, "टीचर, जवार तो गाँववाले खाते. ये देखो, ये विदेशी है."

मला हसू आलं. म्हटलं, "अरे, जवारसुद्धा विदेशीच आहे." पोरांना ती थट्टा वाटली. तेवढ्यात घंटा झाली आणि विषय तिथंच राहिला. त्या मुलाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी आज लिहिते आहे. खरं तर ते उत्तर मला स्वतःलाही द्यायचं होतं. कारण त्याच्या वयाची असताना मीही तेच म्हणत होते.

आमच्या घरी रोज भाकरी असायची. डब्यातही भाकरी आणि ठेचा. वर्गातल्या इतर मुलींच्या डब्यात चपाती असे. मी 'पोट दुखतंय' म्हणून डबा न उघडता बसायची आणि सुट्टी संपता संपता भिंतीकडे तोंड करून खायची. पाहुणे आले की अम्मी गव्हाच्या चपात्या लाटायची. लग्नात नान-खलिया. हा नान-खलिया मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर १३२७च्या सुमारास दौलताबादला आला असं आमच्याकडे सांगतात, आणि ते सांगताना छाती जरा फुगते. भाकरीचा इतिहास मात्र कुणी कधी सांगितला नाही. ती दस्तरखानावर पाहुण्यांसमोर यायचीच नाही, मग तिला इतिहास कुठून असणार?

कसालाच्या खापरांवरचे ठसे

सुदान देशाच्या पूर्वेला कसाला नावाचं शहर आहे. त्याच्या परिसरात एका प्राचीन वस्तीचं उत्खनन झालं होतं. तिथं मातीच्या भांड्यांची खापरं मिळाली. त्या काळचे कुंभार मातीत भुसा मिसळायचे. भांडं भाजताना भुसा जळून जायचा, पण त्याचा ठसा मातीत राहायचा. हे ठसे संशोधकांनी बारकाईनं तपासले आणि २०१७ साली जाहीर केलं की ते ज्वारीचे आहेत, आणि त्यात रानटी ज्वारीबरोबरच माणसानं पेरून-निवडून बदललेली ज्वारीही आहे. काळ पाच हजार वर्षांहून जुना. शेतात लावलेल्या ज्वारीचा हा आजवर सापडलेला सर्वांत जुना पुरावा मानला जातो.

बाजरीची गोष्टही अशीच. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात तिलेमसी नावाचं खोरं आहे. तिथल्या खापरांवर बाजरीच्या भुशाचे ठसे मिळाले, काळ इ.स.पू. २५००च्या सुमाराचा. नाचणीचं मूळ इथिओपिया आणि युगांडाच्या उंच पठारांवर. तिघीही आफ्रिकेच्या. अरबी समुद्राच्या वाटेनं त्या आपल्याकडे आल्या. आजपासून साधारण चार ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काळात पश्चिम भारतात त्या दिसू लागतात.

मग त्याआधी दख्खनमधली माणसं काय खात होती? याचं एक उत्तर पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी मिळतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या तिघांच्या नावावर त्या उत्खननाचा अहवाल आहे. यातलं अन्सारी हे नाव मी वर्गात मुद्दाम मोठ्यानं वाचते. महाराष्ट्राची माती उकरून तिचा इतिहास काढणाऱ्यांत आपल्यातलाही एक माणूस होता, हे पोरांना कळलं पाहिजे. या उत्खननात दिसलं की तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचं मुख्य पीक जव होतं. म्हणजे भाकरीच्या या मुलुखात एके काळी जव हे रोजचं धान्य होतं आणि ज्वारी नवखी पाहुणी होती.

हा पाहुणचार हळूहळू वाढत गेला. ज्वारीला पाणी कमी लागतं. आपल्या काळ्या जमिनीत पावसाचं पाणी खोल मुरून राहतं आणि पाऊस थांबल्यावर पेरलेली रब्बीची ज्वारी त्या ओलीवर उभी राहते. शिवाय तिचा कडबा बैल खातात. माणूस आणि बैल दोघांचं पोट एका ताटावर भरणारं दुसरं पीक या मुलुखाला मिळालं नाही. तिनं इथं घर केलं ते असं.

आणि ती एकटी नव्हती. चवळी पश्चिम आफ्रिकेची. भेंडी आणि अंबाडीसुद्धा आफ्रिकेकडच्याच मानल्या जातात. ज्या दिवशी अम्मी अंबाडा-गोश्त आणि जवार की रोटी करते, त्या दिवशी आमच्या ताटात निम्मी आफ्रिका असते. ठेचा वाढला की त्यात अमेरिकाही येते, कारण मिरची आणि शेंगदाणा दोन्ही कोलंबसानंतर तिकडून आले. शेजारच्या घरात एकादशीला खातात तो राजगिराही मेक्सिकोकडचा. तिकडे राजगिरा फुलवून मधात किंवा पाकात वळतात आणि त्या मिठाईला 'अलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. आपल्या राजगिऱ्याच्या लाडवासारखीच ती दिसते.

हबश्यानं वसवलेलं शहर

माझं शहर आधी खडकी होतं. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं ते वसवलं. अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी त्याला गुलाम म्हणून विकलं गेलं. अरबस्तान, बगदाद असा विकला जात जात तो अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला. तिथं त्याला विकत घेणारा पेशवा चंगेजखान हा स्वतःही एके काळचा हबशी गुलामच होता. पुढे या अंबरनं मोगलांना पंचवीस वर्षं झुंजवलं, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली, शहरासाठी जमिनीखालून पाण्याची नहर आणली. १६२६ साली तो वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यामागे मुलगा फतेहखान याच्या नावावरून शहर फतेहनगर झालं, १६५३नंतर औरंगाबाद, आणि २०२३पासून छत्रपती संभाजीनगर.

ज्वारी आणि नाचणी आफ्रिकेच्या ज्या कोपऱ्यातून निघाल्या, त्याच कोपऱ्यातून हा माणूस आला. दाणे त्याच्या तीन हजार वर्षं आधी येऊन रुजले होते. तो खडकीत आला तेव्हा इथल्या शेतात उभी असलेली ज्वारी पूर्णपणे दख्खनी झालेली होती. तिला कुणी हबशी म्हणत नव्हतं. त्याला मात्र शेवटपर्यंत हबशीच म्हणत राहिले.

'बाहेरून आलेले' हा शब्द आपल्या कानाला नवा नाही. तो ऐकला की मी वाद घालत नाही. मी ताटाकडे पाहते.

ज्वारी दख्खनी कशी झाली याचं उत्तर मला जात्याजवळ सापडतं. मी मराठी शिकवते तेव्हा जात्यावरच्या ओव्या येतात. पहाटे दळताना बायकांनी रचलेली ही गाणी आपल्या भाषेचं केवढं मोठं धन आहे, हे मराठीच्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. दखनी भाषेतही अशीच परंपरा आहे, तिला 'चक्कीनामा' म्हणतात. विजापूर आणि आसपासच्या सूफींच्या वर्तुळात या रचना झाल्या. जात्याच्या एकेका भागाला त्यात ईमानाचा अर्थ दिलेला असे आणि दळता दळता बायका त्या गात. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या आपल्या १९७८च्या पुस्तकात यावर सविस्तर लिहिलं आहे. या भागात इस्लाम साध्या घरांपर्यंत पोचला त्यात या चक्कीच्या गाण्यांचा मोठा वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं. एका घरात ओवी, पलीकडच्या घरात चक्कीनामा. जातं दोन्हीकडे तसंच आणि पहाटही तीच.

आमच्या शहरात तर चक्कीच्या नावाची एक वास्तूच आहे. पाणचक्की पाहायला देशभरातून लोक येतात, फोटो काढतात आणि जातात. पण ती मुळात बांधली होती दळण दळायला. बुखाऱ्याजवळच्या घिज्दुवानहून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांची खानकाह तिथं होती. तिथं उतरणाऱ्या फकिरांना आणि वाटसरूंना जेवू घालायचं तर रोज पीठ लागणार. म्हणून हर्सूलच्या बाजूनं नळांतून पाणी आणलं, ते उंचावरून पात्यांवर सोडलं आणि त्या जोरावर दगडी जातं फिरवलं. आपल्या शहराची सर्वांत प्रसिद्ध सूफी वास्तू म्हणजे एक पिठाची गिरणी आहे, हे आपण विसरलो आहोत.

लाल ज्वारी

आता अम्मीची गोष्ट. ती पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातली. १९७२ साली पाऊस पडला नाही तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आधीची दोन वर्षंही कोरडीच होती. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरं छावणीत गेली किंवा विकली गेली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारनं गावोगाव दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. याच अनुभवातून पुढे रोजगार हमी योजना पक्की झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. अम्मी आणि नानी दोघीही खडी फोडायला जायच्या. लहान पोरांना कामावर सुकडी मिळायची. तिची गोड चव अम्मी अजून सांगते.

आणि रेशनवर मिळायची मिलो. अमेरिकेतून जहाजानं आलेली लाल ज्वारी.

"दिखने में जवारच थी," अम्मी सांगते, "लेकिन रोटी नई बनती थी." नानीनं पहिल्या दिवशी नेहमीसारखं पीठ मळलं आणि थापायला घेतलं. भाकरीला कडेनं तडे गेले. उचलून तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. तेच तुकडे भाजले. अम्मीनं घास तोंडात घेतला आणि थुंकला. गावात तेव्हा बोललं जायचं की अमेरिकेत हे धान्य डुकरांना घालतात. तुम्ही समजू शकता, मुसलमानाच्या घरात ही बातमी घासाबरोबर कशी गिळली जात असेल.

नानीनं तिला थप्पड मारली. आयुष्यात एकदाच मारली, आणि ती अन्न थुंकल्याबद्दल.

पुढे आठवडाभर नानी त्या दाण्याशी झगडत राहिली. शेजारच्या घरातल्या एका मावशींनी सांगितलं की थोडं गव्हाचं पीठ मिसळून बघ. पण गहू रोज कुठून आणायचा? शेवटी नानीनं भाकरीचा नाद सोडला. दाणे जात्यावर जाडे भरडून ती कण्या शिजवू लागली. कण्यांना ताक हवं, पण गाय छावणीत, ताक नाही. परसातल्या चिंचेला मात्र चिंचा होत्या. नानीनं चिंचेच्या कोळात रात्रभर भरडा भिजवला आणि सकाळी मीठ-लसूण घालून शिजवला. हे मात्र सगळ्यांनी खाल्लं. मावशींच्या घरीही मग तसंच होऊ लागलं.

मी अनेक वर्षं ही गोष्ट अमेरिकेनं पाठवलेल्या निकृष्ट धान्याची गोष्ट म्हणून ऐकत होते. मराठवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, मिलोचं नाव काढताच तोंड कडू होतं. पण धान्यांबद्दल वाचू लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक एकट्या दाण्याची नव्हती.

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, त्यानं कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. म्हणून आपण भाकरीचं पीठ गरम पाण्यात भिजवतो. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. पीठ ताजं लागतं, जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी तुटते. पिढ्यान्‌पिढ्या आपण भाकरीला चालणारी ज्वारीच निवडून पेरत आलो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेली मालदांडी ३५-१ ही त्या निवडीची कमाल. मोत्यासारखा दाणा, गोड आणि मऊ भाकरी. मिलो निवडली होती अमेरिकेत, जनावरांच्या खाद्यासाठी. तिच्या दाण्याकडे कुणी भाकरी म्हणून पाहिलंच नव्हतं. वर ती किती काळ गोदामात आणि जहाजात राहून आलेली असेल.

पण ज्वारी खाणारं सगळं जग भाकरी कुठं खातं? सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून सरसरीत करतात आणि तापल्या पत्र्यावर कागदासारखं पातळ पसरतात. तिला 'किसरा' म्हणतात आणि ती भेंडीच्या रश्शाबरोबर खातात. इथिओपियात तेफ नावाच्या खसखशीएवढ्या दाण्याची 'इंजेरा' होते, कमी पैशांच्या घरात ती ज्वारीचीही होते. पीठ दोन-तीन दिवस आंबवायचं, मातीच्या तव्यावर ओतायचं आणि झाकण ठेवून एकाच बाजूनं शिजू द्यायचं. आपल्या आंबोळीची ही मोठी बहीण. माली आणि बुर्किना फासोमध्ये पिठाचा घट्ट घाटा करतात, त्याला 'तो' म्हणतात. मालीत तो राखेच्या खारट पाण्यात शिजतो. बुर्किना फासोमध्ये त्यात आंबट घालतात. लिंबू, नाहीतर चिंच.

चिंच हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटलं. माझी निरक्षर नानी पैठणच्या बाजूला दुष्काळात, उपाशी पोरांसमोर, जिथं पोचली होती तिथं पश्चिम आफ्रिकेतल्या बायका कधीच्याच पोचल्या होत्या. दाण्याबरोबर एखादी सुदानी किंवा मालीची बाई आली असती, तर नानीला तो आठवडा लागला नसता. सरकारनं धान्य पाठवलं, त्याची कृती कुणी पाठवली नाही. चार हजार वर्षांपूर्वी ज्वारी आली तेव्हा तिला रुजायला, आपली कृती घडवायला शेकडो वर्षं मिळाली. मिलोला एक दुष्काळ मिळाला.

सुदानची आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. तिथं रमजानच्या आधी घराघरांत 'हिलू-मुर' करतात. नावाचा अर्थ गोड-कडू. ज्वारीला मोड आणून, वाळवून, दळून, मसाले घालून ते पीठ आंबवतात आणि त्याचे पातळ पापुद्रे भाजून ठेवतात. हे पापुद्रे पाण्यात भिजवून गाळलं की तांबूस सरबत होतं. इफ्तारला तेच पितात. आपल्याकडे लातूर-उस्मानाबादकडे वेळ अमावस्येला ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील असते, ती याच जातीची. आपल्या इफ्तारच्या दस्तरखानावर मात्र ज्वारीचा एक दाणा नसतो. फळं, भजी, बाटलीतलं गुलाबी सरबत, सगळं असतं.

आईकडून आलेला वारसा

मिलोची कुंडली अजून बाकी आहे. ज्वारी अमेरिकेची नव्हेच. गुलामांच्या जहाजांबरोबर ती आफ्रिकेतून अटलांटिकपार गेली, तिकडे तिला 'गिनी कॉर्न' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणखी काही जाती पोचल्या, त्यात मिलो होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून आलेली एक जात होती, तिचं नाव 'काफिर'. अरब व्यापाऱ्यांचा शब्द युरोपियनांनी तिथल्या माणसांना लावला, माणसांवरून तो धान्याला लागला. दक्षिण आफ्रिकेत पुढे त्या शब्दाची शिवी झाली.

ज्वारीचं संकरित बियाणं करायचं तर अडचण असते. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे झाड स्वतःच स्वतःला फळवतं. ज्याला पराग येत नाहीत असं 'आई' झाड हवं. टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या दोन संशोधकांना ते मिळालं, मिलो आणि काफिर यांच्या संकरातून. १९५४ साली त्यांनी ते जाहीर केलं. परागहीन राहण्याचा हा गुण मिलोच्या पेशीद्रवातून येतो आणि पेशीद्रव फक्त आईकडून मिळतो, बापाकडून नाही.

भारतानं हेच आई-झाड आणलं. त्यापासून १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण निघालं. मराठवाड्यातले शेतकरी ज्याला नुसतं 'हायब्रीड' म्हणतात, त्या कुळाची ही पहिली पिढी. नंतर आलेल्या बहुतेक संकरित वाणांतही हाच मिलोचा पेशीद्रव आहे.

याचा अर्थ लक्षात घ्या. १९७२ला अम्मी रेशनची मिलो थुंकत होती, तेव्हा मिलोचीच लेक गावोगावच्या शेतांत आधीच पोचलेली होती. आणि १९७३नंतर पाऊस बरा झाला, तेव्हा भरघोस पिकून पोटं भरण्यात तिचा मोठा हात होता. तिच्याबद्दलही तक्रारी होत्या. खरिपात पावसात सापडली की दाणा काळा पडतो, भाकरीला शाळूची चव नाही, कडबा आखूड. पण बायकांनी तिची भाकरी जमवली. यावेळी सवड होती आणि शेत आपलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी हे सगळं अम्मीला सांगितलं. ती आता पासष्टीच्या पुढे आहे, बोटं वाकडी झाली आहेत, भाकरी थापता येत नाही. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "हौ? मतलब वो पहलेसेच हमारे घर में थी?" थोडा वेळ गप्प राहिली आणि पुढे म्हणाली, "अम्माने उस दिन बराबर मारा मेरेकू."

आता

आज आमच्या घरात ज्वारी परतली आहे, पण दवाखान्याच्या वाटेनं. अब्बूंना साखरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी भाकरी खा म्हणून सांगितलं. बाजारात गेले तर चांगली शाळू ज्वारी गव्हापेक्षा महाग. मराठवाड्यातली ज्वारीची शेतं सोयाबीन आणि कपाशीखाली गेली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी होती त्यांची पोरं चपातीची झाली. गाँववाल्यांचं खाणं आता गाववाल्यांनाच परवडत नाही, आणि मॉलमध्ये तेच दाणे रंगीत पाकिटात क्विनोआच्या शेजारी बसले आहेत.

दाणा विकत आणता येईल. माझी काळजी वेगळी आहे. पाणी किती तापवायचं, पीठ किती मळायचं, कडेला तडा गेला तर ओल्या बोटानं कसा मिटवायचा, हे अम्मीच्या हातात होतं. तिच्याकडून मी चाळिशीत शिकायला घेतलं. माझ्या भाकऱ्या अजून नकाशासारख्या होतात. माझी मुलगी बारावीत आहे, तिला तव्यावर भाकरी उलटायची भीती वाटते. आणखी वीस वर्षांनी जर कुणी पुन्हा जहाजानं ज्वारी पाठवली, अगदी मालदांडी पाठवली, तरी आपल्या घरात ती मिलोसारखीच तुकडे तुकडे होईल.

म्हणून एक छोटं काम करू या. घरात, गल्लीत, गावाकडे १९७२ पाहिलेली एखादी दादी, नानी, आजी असेल, तिच्याजवळ बसा. तिनं मिलो कशी शिजवली ते विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. दखनीत सांगत असेल तर दखनीत, मराठीत सांगत असेल तर मराठीत. कुणी उडदाचं पीठ मिसळलं असेल, कुणी ताकात शिजवली असेल, कुणी आणखी काही केलं असेल. या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, तेव्हा हे उद्यावर टाकू नका.

माझ्या वर्गातला तो मुलगा आता नववीत आहे. परवा व्हरांड्यात भेटला. म्हटलं, "तुझ्या दादीला विचार, लाल ज्वारी खाल्ली होती का?" दुसऱ्या दिवशी तो वहीचं एक पान घेऊन आला. अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत, दोन्हीत भरपूर चुका. मी लाल पेन बाहेर काढलं नाही. त्याच्या दादीनं मिलोत मेथी घातली होती.